सरासरी कोणाची?

उज्जैनला क्षिप्रेच्या घाटांवर ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या कानांवर एक हिंदी म्हण हमखास पडलेली असते : "हिसाब ज्यों का त्यों, कुनबा डूबा क्यों?" गोष्ट अशी सांगतात की, एक हिशेबी गृहस्थ बायकामुलांसह नदी ओलांडायला निघाले. त्यांनी काठी टाकून ठिकठिकाणची खोली मोजली, बेरीज केली आणि ठिकाणांच्या संख्येने तिला भागले. मग घरातल्या सर्वांच्या उंचीचीही सरासरी काढली. पाण्याची सरासरी उंचीच्या सरासरीपेक्षा कमी भरली, तेव्हा त्यांनी निर्धास्तपणे सर्वांना पाण्यात घातले. काठावर परतले ते एकटेच. त्यांनी पुन्हा हिशेब तपासला. त्यात चूक नव्हती.

मी मूळची उज्जैनची. शिंद्यांच्या राजवटीत माळव्यात स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांपैकी आमचे एक. आता काही वर्षे इकडे सीमाभागात संख्याशास्त्र शिकवते. प्रात्यक्षिकाच्या तासाला विद्यार्थी संगणकावर गटवार सरासरीचे तक्ते काढतात आणि मिनिटभरात वहीला चिकटवतात, तेव्हा मला त्या गृहस्थांची आठवण होते. हिशेब बरोबरच असतो. प्रश्न असतो तो कोणाला पाण्यात घातले याचा. या विषयावर थोडे लिहावे, आणि त्यात माझ्या हातून घडलेली एक चूकही सांगावी, असे बरेच दिवस मनात होते.

प्रथम सरासरीची बाजू सांगितली पाहिजे. सरासरी ही आपल्याकडे काही परकी वस्तू नव्हे. ज्या भास्कराचार्यांचे नाव परंपरेने उज्जैनशी जोडले जाते, त्यांनी 'लीलावती'त (इ. स. ११५०) खड्ड्याचे घनफळ काढण्याची रीत दिली आहे. खड्ड्याची लांबी, रुंदी व खोली सगळीकडे सारखी नसेल, तर अनेक ठिकाणी मापे घ्यावीत, त्यांची बेरीज करावी आणि ठिकाणांच्या संख्येने भागावे. या मापाला त्यांनी 'सममिति' म्हटले आहे. पुढे कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ साली 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली, तीत जितक्या अधिक ठिकाणी मापे घ्यावीत तितके उत्तर अधिक सूक्ष्म येते, हेही नोंदविले. आज आपण वर्गात जे शिकवतो, त्याचे बीज येथे आहे.

आता गंमत पाहा. भास्कराचार्यांचा खड्डा आणि म्हणीतली नदी, दोन्हींत एकच रीत वापरली. एका ठिकाणी ती अगदी योग्य ठरली, दुसऱ्या ठिकाणी घात करून गेली. असे का? कारण खड्ड्याच्या बाबतीत प्रश्न एकंदरीचा आहे : माती किती निघेल, मजुरी किती द्यावी लागेल? येथे उथळ भाग आणि खोल भाग एकमेकांची भरपाई करतात. नदी ओलांडताना मात्र प्रत्येक जीवाचा प्रश्न वेगळा असतो. अलीकडचे गुडघाभर पाणी मधल्या डोहाची भरपाई करू शकत नाही, आणि बापाची उंची धाकट्या मुलीच्या कामी येत नाही. तेव्हा सरासरी काढण्यापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न हा की, आपल्याला माती मोजायची आहे की माणसे पार न्यायची आहेत?

उज्जैनचेच उदाहरण घेऊ. तेथे वर्षाकाठी सरासरी सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे दरमहा ७५ मिलिमीटर. हे विधान गणिताने खरे आहे आणि तरीही ते उज्जैनच्या एकाही महिन्याचे वर्णन करीत नाही असे म्हटले तरी चालेल, कारण बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. २०१६ चा सिंहस्थ २२ एप्रिल ते २१ मे या काळात भरला. तेव्हा वर्षाची सरासरी कोणाच्या उपयोगाची? भर उन्हाळ्यात स्नानाला पुरेसे पाणी हवे, म्हणून २०१४ साली सुरू झालेल्या जोडयोजनेतून नर्मदेचे पाणी पंपांनी उचलून क्षिप्रेत सोडावे लागले. इकडे बेळगाव जिल्ह्यातही खानापूरकडचा मुसळधार पाऊस आणि अथणीकडची कोरड एकत्र करून 'जिल्ह्याची सरासरी' काढली, तर ती ना खानापूरच्या शेतकऱ्याला उमगते, ना अथणीच्या. आकडे गटांत मांडले की मगच ते बोलू लागतात.

माणसांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मध्य प्रदेशातील साक्षरता ६९.३ टक्के होती. हा एक आकडा ऐकून आपण पुढे जातो. पण पुरुषांत ती ७८.७ टक्के आणि स्त्रियांत ५९.२ टक्के होती. जवळजवळ वीस टक्क्यांची दरी त्या एका आकड्याखाली झाकलेली आहे.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग सोपे आहे. प्रत्येक गोष्टीची स्त्री-पुरुष अशी विभागणी करावी म्हणजे झाले. मलाही एकेकाळी तसेच वाटे. येथेच माझी चूक घडली.

पदव्युत्तर शिक्षण संपवून मी उज्जैनला घरी होते, तेव्हा तेथील एका शाळेने दहावीच्या वार्षिक निकालाचे विश्लेषण करून देण्याचे काम मला सांगितले. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. माणसे वाईट नव्हती आणि चूक मुख्यतः माझी होती. मी सगळे गुण संगणकात भरले आणि 'आर' या सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीची आज्ञा देऊन गणिताच्या गुणांची मुलगे व मुली अशी सरासरी काढली. मुलींची सरासरी बरीच खाली आली. मी तो दोन ओळींचा तक्ता सुबक छापून दिला. बैठकीत तो वाचला गेला, आणि कोणीतरी सहज म्हणाले, "मुलींना गणित झेपत नाही, हे आता आकड्यांनीच सिद्ध झाले." त्या वर्षी अकरावीला गणित घेऊ इच्छिणाऱ्या मुलींना 'जरा विचार करा' असे आवर्जून सांगण्यात आले. गणितातच पदवी घेतलेली मी तिथे मान खाली घालून बसले होते. आकडे माझेच होते. मी काय बोलणार?

घरी आल्यावर मी हे आत्याला सांगितले. फ्रीगंजला राहणारी माझी आत्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. संख्याशास्त्राशी तिचा संबंध नव्हता. तिने तक्ता पाहिला आणि एवढेच विचारले, "अगं, पण मुली बसतात कुठल्या वर्गात, ते बघितलंस का?"

मी पाहिले नव्हते. शाळेत इंग्रजी माध्यमाची एक तुकडी होती आणि हिंदी माध्यमाची एक. इंग्रजी तुकडीला भरपूर फी होती. हिंदी तुकडीला जवळजवळ नव्हतीच. पालक मुलग्याला इंग्रजी तुकडीत घालत आणि त्याच घरातल्या मुलीला हिंदी तुकडीत. हिंदी तुकडीला त्या वर्षी कित्येक महिने गणिताचा शिक्षकच नव्हता. माध्यमाचा रकाना माझ्या आकडेवारीत पहिल्यापासून होता. मी तो वापरला नव्हता इतकेच. रात्री मी पुन्हा तक्ता काढला, या वेळी माध्यम आणि लिंग असे दोन्ही गट घेऊन. इंग्रजी तुकडीत मुलींची सरासरी मुलग्यांपेक्षा थोडी वर होती. हिंदी तुकडीतही ती थोडी वरच होती. दोन्ही वर्गांत मुली पुढे, आणि वर्ग एकत्र केले की मुली मागे! दरी मुलींच्या डोक्यात नव्हती. त्यांना कोठे बसवले होते, त्यात होती.

आणखी एक गोष्ट त्या रात्री दिसली. या वेळी मी सरासरीशेजारी विद्यार्थ्यांची संख्याही छापली होती. हिंदी तुकडीत पटावरच्या मुली आणि गुण नोंदलेल्या मुली यांचे आकडे जुळेनात. काही मुली परीक्षेलाच बसल्या नव्हत्या. त्या दिवसांत गव्हाची काढणी चालू होती आणि घरी धाकटी भावंडे सांभाळायला कोणी नव्हते, असे नंतर कळले. त्या मुली माझ्या कोणत्याच सरासरीत नव्हत्या. त्या गणितात कच्च्या ठरल्या नाहीत, पक्क्याही ठरल्या नाहीत. त्या तक्त्यातून नाहीशा झाल्या.

दुरुस्त केलेला तक्ता मी नेऊन दिला. तो वाचला गेला की नाही, मला ठाऊक नाही. पहिला तक्ता दोन ओळींचा होता, लक्षात ठेवायला सोपा. दुसरा समजून घ्यायला दहा मिनिटे बसावे लागत होते.

ही काही केवळ उज्जैनच्या एका शाळेची गोष्ट नव्हे. संख्याशास्त्रात अशा उलटापालटीला 'सिम्प्सनचा विरोधाभास' म्हणतात, आणि तिचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठाचे आहे. १९७३ साली तेथील पदव्युत्तर प्रवेशांत स्त्रियांवर अन्याय झाला की काय, अशी शंका आली. १९७५ साली बिकेल, हॅमेल व ओकॉनेल यांनी 'सायन्स' नियतकालिकात त्याचा छडा लावला. सर्वांत मोठ्या सहा विभागांचे आकडे पाहा : २६९१ पुरुष अर्जदारांपैकी ११९८ जणांना, म्हणजे सुमारे ४५ टक्क्यांना प्रवेश मिळाला, १८३५ स्त्रियांपैकी ५५७ जणींना, म्हणजे सुमारे ३० टक्क्यांना. फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे. पण विभागवार पाहिले, तर सहापैकी चार विभागांत स्त्रियांच्या प्रवेशाचे प्रमाण पुरुषांहून अधिक होते. पहिल्या विभागात ६२ टक्के पुरुषांना प्रवेश मिळाला आणि ८२ टक्के स्त्रियांना. खुबी अशी की, ज्या दोन विभागांत प्रवेश सुलभ होता तेथे १३८५ पुरुषांनी अर्ज केले होते आणि अवघ्या १३३ स्त्रियांनी. स्त्रियांची गर्दी होती ती जेथे जागा थोड्या होत्या तेथे. मग स्त्रिया त्याच विभागांकडे का वळल्या, हा पुढचा प्रश्न. आणि तो समितीच्या टेबलापाशी सुटणारा नाही, फार मागे जाऊन घराशी व शाळेशी सुटणारा आहे. ही आकडेवारी 'आर'बरोबरच मिळते. विद्यार्थ्यांनी ती स्वतः उघडून पाहावी.

आता थोडे यंत्राविषयी. गटवार वर्णनात्मक आकडे काढण्याची सोय सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. 'एसएएस'मध्ये 'प्रॉक मीन्स', 'स्टाटा'मध्ये 'टॅबस्टॅट', 'आर'मध्ये 'टीॲप्लाय' व 'ॲग्रिगेट', पायथॉनच्या 'पांडाज'मध्ये 'ग्रुपबाय', आणि कचेऱ्यांत सर्रास चालणाऱ्या 'एक्सेल'मध्ये 'पिव्हट टेबल'. आज्ञा पाठ करणे अवघड नाही. अवघड आहे ते यंत्र न बोलता काय करते हे ओळखणे.

गटाचा रकाना रिकामा असेल त्या व्यक्तीचे काय होते? 'पांडाज'चे 'ग्रुपबाय' वेगळे सांगितले नाही तर तिला वगळते. 'एसएएस'चे 'क्लास' हे विधानही तसेच करते. मोजलेला आकडाच रिकामा असेल, तर 'आर'मध्ये 'टीॲप्लाय'ने सरासरी मागताच त्या गटापुढे उत्तर उपलब्ध नाही अशी खूण येते. आपण चिडतो, पण ती खूण प्रामाणिक आहे. 'ॲग्रिगेट'ला सूत्ररूपाने आज्ञा दिली, तर ते अपुऱ्या ओळी गुपचूप गाळून सुबक उत्तर देते. माझ्या त्या मुली येथेच गळाल्या. 'एसपीएसएस'मध्ये 'स्प्लिट फाइल' एकदा चालू केले की आपण बंद करीपर्यंत ते चालूच राहते. दुपारी केलेल्या विभागणीवर संध्याकाळचा सगळा हिशेब झालेला मी पाहिला आहे.

एक चूक तर यंत्राशिवायही होते. समजा, एका तुकडीत १० विद्यार्थी आहेत आणि त्यांची सरासरी ८०. दुसरीत ९० विद्यार्थी आणि सरासरी ४०. पुष्कळजण दोन सरासऱ्यांची सरासरी काढून ६० म्हणून मोकळे होतात. खरी सरासरी ४४ आहे. त्याचप्रमाणे ४९, ५०, ५१ या गुणांची सरासरी ५० येते, आणि १०, ५०, ९० यांचीही ५०च येते. परंतु पहिला वर्ग शिकवणे आणि दुसरा शिकवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. म्हणून सरासरीबरोबर प्रमाण विचलन पाहिजे, शक्य तर मध्यक पाहिजे, आणि सर्वांआधी गटातील संख्या पाहिजे. एकाच माणसाच्या 'गटा'चे प्रमाण विचलन निघतच नाही. तरी त्याची सरासरी यंत्र ऐटीत छापते.

याच्या उलट बाजूचा आक्षेपही मला ठाऊक आहे. माझे एक सहकारी म्हणतात, "बाई, तुम्ही गट पाडायला शिकवता, आधीच समाजात गट काय थोडे आहेत?" आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गट पाडत गेले की शेवटी कोठे ना कोठे फरक सापडतोच, आणि सापडलेला फरक हा त्या गटाचा स्वभाव आहे असे म्हणण्याचा मोह होतो. माझ्या पहिल्या तक्त्याने नेमके तेच केले होते. गट न पाडल्याने अन्याय झाकला जातो. चुकीचा गट पाडल्याने अन्याय निर्माण होतो. यांतून वाट काढायची कशी?

येथे मला आपल्या इरावती कर्व्यांचे उदाहरण मार्गदर्शक वाटते. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण त्या मानवशास्त्रज्ञ होत्या आणि मापे घेणे हा त्यांचा व्यवसाय होता. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधनासाठी गेल्या. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानता वंशावर अवलंबून असते आणि युरोपीय वंशाचे श्रेष्ठत्व त्यातून दिसते, अशी फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंनी जवळजवळ दीडशे कवट्या मोजल्या, वंशवार ताडून पाहिल्या, आणि वंशाचा व असमानतेचा संबंध दिसत नाही असा निष्कर्ष प्रबंधात लिहिला. परक्या देशात, आपल्याच मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध. पुढे त्यांनी वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील लोकांच्या शारीरिक मापनाचा ग्रंथ सिद्ध केला. तो डेक्कन कॉलेजने १९५१ साली प्रसिद्ध केला. तेथेही त्यांचा आग्रह असा की, ज्या गटात प्रत्यक्ष बेटीव्यवहार होतो तोच मापनाचा गट धरावा. मोठ्या जातिनामाखाली अनेक वेगवेगळे समूह एकत्र करून सरासरी काढू नये. गट आधी डोळसपणे निवडला, मोजणी प्रामाणिकपणे केली, आणि फरक दिसला नाही तेव्हा 'दिसला नाही' असे लिहिले. याहून अधिक काय हवे?

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी सगळे काही संख्याशास्त्रज्ञ होणार नाहीत. कोणी शिक्षक होईल, कोणी बँकेत जाईल, कोणी तहसील कचेरीत बसेल. परंतु गटवार तक्ता प्रत्येकाच्या टेबलावर येणार आहे, आणि त्याखाली सही करण्याची वेळही येणार आहे. तेव्हा तीन गोष्टी विचाराव्यात असे माझे सांगणे आहे. हे गट कोणी व का निवडले? प्रत्येक गटात किती माणसे आहेत, आणि पटावर किती होती? आणि फरक दिसत असेल, तर हे लोक कोठे बसतात, कोठे राहतात, त्यांना काय मिळते, हे पाहिले आहे काय?

सहकारी प्राध्यापकांनाही एक विनंती. प्रात्यक्षिकाच्या वहीत आपण बरोबर उत्तराला गुण देतो. संगणकाच्या काळात उत्तर बरोबरच येते. त्याला गुण कसले? 'हाच गट का घेतला?' या प्रश्नाच्या दोन ओळींच्या उत्तराला निम्मे गुण ठेवावेत. मराठी विभागाच्या विद्यार्थ्याने ते मराठीत लिहावे, कन्नड विभागाच्या विद्यार्थ्याने कन्नडमध्ये लिहावे. आपल्या भाषेत कारण सांगता आले नाही, तर ते कळलेले नाही असे समजावे.

पुढचा सिंहस्थ २०२८ साली आहे. मी उज्जैनला जाईन, घाटावर बसेन. त्या वर्षीही क्षिप्रेच्या पाण्याचे, यात्रेकरूंचे पुष्कळ आकडे छापून येतील आणि मी ते आवडीने वाचीन. परंतु पायरी उतरणाऱ्या एखाद्या लहान मुलीचा हात धरून कोणी उभे आहे ना, हे मी आधी पाहीन. आत्याने मला शिकवलेले संख्याशास्त्र एवढेच आहे, आणि अजून ते मला पुरे पडते आहे.